हात धरू नका, ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत फिरत आला. जोडीने नृत्य केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, हे ‘अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’, असा मजकूर होता आणि खाली नेहमीप्रमाणे तो दहा जणांना पुढे पाठवण्याची आज्ञा होती. माझ्या मोठ्या बहिणीने तो मला वेगळा पाठवला आणि सोबत विचारले, “हे खरे असेल तर मी आणि हे जाऊ का? इंदिरानगरला एका हॉलमध्ये रविवारी सकाळी ज्येष्ठांना शिकवतात म्हणे.” ताई ७१ वर्षांची आहे आणि भावोजी ७५ वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये पडली, मनगट मोडले आणि दीड महिना प्लास्टरमध्ये गेला. त्यामुळे तिचा प्रश्न गमतीचा नव्हता, आणि त्याला ‘हो, जा’ एवढेच उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

संदेशातला आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात ७५ वर्षांहून अधिक वयाच्या ४६९ व्यक्तींची दीर्घकाळ पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष डॉ. जो वर्गीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. पाहणीचा मध्यम कालावधी सुमारे पाच वर्षांचा होता आणि तेवढ्यात १२४ जणांना स्मृतिभ्रंश जडला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचालींपैकी पोहणे, चालणे किंवा घरकाम यांच्याशी असा संबंध दिसला नाही. तो दिसला फक्त नृत्याशी. ७६ टक्के हा आकडा तिथूनच उचललेला आहे. मात्र संशोधक असा आकडा देताना त्याच्या शेजारी एक पल्लाही छापतात, आणि संदेश पुढे ढकलणारे नेमका तोच गाळतात. या आकड्याचा पल्ला असा होता की, धोका ९४ टक्क्यांनी कमी असू शकतो, तसाच तो जेमतेम १ टक्क्यानेही कमी असू शकतो. पल्ला इतका रुंद होतो, कारण नियमित नाचणारी माणसे मुळात थोडी होती. शिवाय ही निव्वळ पाहणी होती. नाचल्यामुळे मेंदू शाबूत राहिला, की मेंदू शाबूत होता तेच नाचत राहिले, हे अशा पाहणीतून ठरवता येत नाही. स्मरणशक्ती ढासळू लागण्याच्या कितीतरी आधी माणूस चारचौघांत जाणे टाळू लागतो, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्यानंतरचा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. जर्मनीतील माग्देबुर्ग येथे ६३ ते ८० वर्षे वयाच्या निरोगी ज्येष्ठांचे दोन गट केले गेले. एका गटाने १८ महिने सतत नवनवे नाच शिकले, तर दुसऱ्याने तेवढाच काळ सायकल, ताकदीचे व्यायाम आणि ताण देण्याचे व्यायाम केले. स्मरणाशी निगडित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही गटांत वाढलेला आढळला, म्हणजे तिथे नृत्याची एकट्याची मक्तेदारी नव्हती. पण तोल सुधारला तो नाचणाऱ्या गटाचाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अखेरच्या मोजणीपर्यंत दोन्ही गट मिळून तीस माणसेही उरली नव्हती, त्यामुळे त्यावरही इमले बांधू नयेत. तरीही ज्येष्ठांच्या नृत्याचा विचार करताना स्मृतीपेक्षा तोलाकडे आधी पाहावे, असे मला या प्रयोगामुळे वाटू लागले.

तोलाचा विषय क्षुल्लक नाही. पडण्यामुळे जगात दर वर्षी सुमारे ६,८४,००० माणसे मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा असतो. आपल्याकडे मात्र पडणे ही नशिबाची गोष्ट समजली जाते. ताई पडली तेव्हा एका हितचिंतकाने चुंबकाचे कडे आणून दिले, तर दुसऱ्याने त्र्यंबकेश्वरी जाऊन शांती करून घेण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात कारण साधे होते. रक्तदाबाची गोळी नुकतीच वाढवलेली होती, ताई पहाटे झटकन उठून उभी राहिली, रक्तदाब क्षणभर उतरला आणि पायाखाली गुळगुळीत ओली फरशी होती. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर डॉक्टर त्याची स्वतंत्र दखल घेतात. ही मोजणी कोणत्याही दवाखान्यात विनासायास होते आणि तिला मुहूर्त लागत नाही.

आता तोल म्हणजे काय ते थोडे सविस्तर पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. लहानपणी आपण सर्वांनी खराट्याचा दांडा तळहातावर उभा धरून पाहिलेला असतो. दांडा कधीच स्थिर नसतो. तो कलतो, आपण हात सरकवतो, तो दुसरीकडे कलतो. उभा माणूस हा असाच एक उलटा लोलक आहे. घोटे हा त्याचा खालचा सांधा, आणि गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंचीवर. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेच्या आत आहे तोवर माणूस उभा राहतो. ही रेषा सहसा घोट्यांच्या किंचित पुढे पडते, म्हणून शरीराची ओढ सतत पुढे असते आणि पोटऱ्यांचे स्नायू त्याला सतत मागे खेचून धरत असतात. त्यामुळे ‘स्वस्थ उभा’ असलेला माणूस प्रत्यक्षात डोलत असतो. हे डोलणे इतके बारीक असते की ते आपल्याला कळत नाही, पण दाब मोजणाऱ्या पाटावर उभे केले की त्याची वेडीवाकडी रेघ कागदावर उमटते.

या डोलण्याची खबर मेंदूला तीन वाटांनी मिळते. पहिली वाट डोळ्यांची, दुसरी अंतर्कर्णाची. अंतर्कर्णात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात आणि त्यांतला द्रव डोके वळले की मागे रेंगाळून वळण्याची बातमी देतो. त्यांच्या शेजारी कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म स्फटिकांनी भारलेले पडदे असतात, ते ‘खाली’ कोणत्या दिशेला आहे ते सांगतात. तिसरी वाट तळपायांची त्वचा, स्नायू आणि सांधे यांची. वय वाढते तशा या तिन्ही वाटा खराब होतात. मोतीबिंदू आणि दुहेरी भिंगाचा चष्मा पायरीची कड पुसट करतात, अंतर्कर्णातील संवेदक पेशी कमी होतात, आणि मधुमेह जुना असेल तर तळपाय जणू जाड मोजे घातल्यासारखे बधिर होतात. स्नायूंची ताकद कमी होते तो भाग वेगळाच. बहुतेक व्यायाम ताकदीकडे लक्ष देतात, पण खबरच उशिरा आणि अस्पष्ट येत असेल तर ताकद कोणत्या क्षणी वापरायची हे मेंदूला कळणार कसे?

इथे एक चौथी वाट आहे, आणि खरे सांगायचे तर या लेखाचा सगळा उत्साह तिच्यासाठीच आहे. ही वाट म्हणजे बोटाचे टोक.

अमेरिकेतील ब्रँडाइज विद्यापीठात जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. माणसाला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लावून, म्हणजे दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे, उभे केले. डोळे मिटलेले. शेजारी कमरेच्या उंचीवर एक दाबमापक पट्टी. एका वेळी कशालाही हात लावायचा नाही, दुसऱ्या वेळी पट्टीवर बोटाने हवा तेवढा भार टाकायचा, आणि तिसऱ्या वेळी बोट फक्त टेकवायचे. दाब १ न्यूटनच्या वर गेला की लगेच घंटी वाजणार. १ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅमचे वजन, चिवड्याच्या छोट्या पुडीइतके. एवढ्या दाबाने साठ-सत्तर किलोच्या शरीराला आधार मिळणे शक्यच नाही. तरीसुद्धा नुसते बोट टेकवल्याने डोलणे जितके कमी झाले, तितकेच ते भार टाकल्यानेही कमी झाले आणि डोळे उघडे ठेवल्यानेही.

मग काम आधाराचे नव्हते, तर कशाचे होते? उत्तर दाबाच्या आणि डोलण्याच्या वेळांमध्ये सापडले. भार टाकला असता बोटावरचा दाब आणि शरीराचे डोलणे एकाच वेळी वर-खाली होत होते, म्हणजे बोट शरीराला सरळ ढकलून सावरत होते. बोट नुसते टेकवले असता मात्र या दोन्हींमध्ये बराच मोठा कालांतराल दिसला. बोटाकडून आलेली खबर वापरून मेंदू पायांच्या स्नायूंना आगाऊ आज्ञा देत आहे, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. शरीर मिलिमीटरभर कलले तरी टेकवलेल्या बोटाची त्वचा पट्टीवर किंचित ताणली जाते. पंजाच्या त्वचेत अशा ताणाची व दाबाची दखल घेणारे सुमारे १७,००० संवेदक मज्जातंतू असतात आणि त्यांची दाटी बोटांच्या टोकांशी सर्वाधिक असते. खांदा, कोपर आणि मनगट कोणत्या कोनात आहेत हे मेंदूला माहीत असतेच. त्या माहितीला बोटावरचा हा ताण जोडला की धड कोणत्या दिशेला आणि किती वेगाने कलत आहे याचा हिशेब पुरा होतो. इथे बोट खांबाचे काम करत नाही, ओळंब्याचे करते.

लॅकनर यांच्याच गटाने पुढे दोन्ही बाजूंचे अंतर्कर्ण निकामी झालेल्या व्यक्तींना अंधारात याच पद्धतीने उभे केले. एरवी काही सेकंदांतच तोल गमावणाऱ्या या व्यक्ती बोट टेकवताच स्थिर उभ्या राहिल्या.

वाचकांना याची प्रचिती घरी घेता येईल. भिंतीच्या कोपऱ्यात, पाठीमागे भिंत आणि शेजारी घरातले कोणीतरी असताना, टाचेला पाऊल लावून उभे राहावे व डोळे मिटावेत. घोट्यांची चाललेली धडपड लगेच जाणवेल. आता तर्जनी बाजूच्या भिंतीला, रांगोळीची चिमूट धरावी इतक्या हलकेपणाने लावावी. धडपड शांत होते, आणि ती इतकी झटकन होते की पहिल्यांदा हसू येते. ज्यांना आधीच चक्कर येते किंवा जे नुकतेच पडले आहेत, त्यांनी हा प्रयोग दुसऱ्यावर करून पाहावा, स्वतःवर नको.

भिंत स्थिर असते, पण समोरचा माणूस स्थिर नसतो. तोही डोलतच असतो. तरीसुद्धा दोन माणसांनी एकमेकांना हलका स्पर्श केला तर दोघांचेही डोलणे कमी होते, असे ज्येष्ठांवरील प्रयोगांत आढळले आहे. दोन डुगडुगत्या गोष्टी एकमेकींना टेकवल्यावर दोन्ही अधिक स्थिर व्हाव्यात हे चमत्कारिक वाटते, परंतु दोघांची कलण्याची दिशा आणि वेळ वेगवेगळी असते आणि प्रत्येकाचा मेंदू समोरच्याच्या हालचालीतून स्वतःची हालचाल वजा करायला शिकतो, हे लक्षात घेतले तर कोडे थोडे सुटते. नाचताना ही देवाणघेवाण आणखी गुंतागुंतीची होते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या लीना टिंग, मॅडेलिन हॅकनी आणि सहकाऱ्यांनी जोडीने पावले टाकणाऱ्यांच्या हातांमधील बल मोजले, ते साधारण १० ते ३० न्यूटन भरले. टेकवलेल्या बोटापेक्षा हे जास्त आहे, पण माणसाला उचलून धरायला लागणाऱ्या बलाच्या तुलनेत ते अगदीच किरकोळ आहे. ‘आता डावीकडे’, ‘आता थांब’, ‘आता मागे’ हा सगळा मजकूर एवढ्याशा बलातून एका तळहातातून दुसऱ्या तळहाताकडे जातो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी ताई-भावोजींबरोबर त्या रविवारच्या वर्गाला गेलो. जुन्या वस्तीतल्या सोसायटीचा हॉल, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि सात जोड्या. सातांपैकी चारच नवरा-बायको होते. एक मायलेकी होत्या, दोन मैत्रिणी होत्या, आणि सत्तरीचे दोन मित्र ‘आम्हाला कुणी जोडीदार देत नाही’ असे म्हणत एकमेकांसमोर उभे होते. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. भावोजींनी ताईचे दोन्ही हात बसच्या दांड्यासारखे घट्ट पकडले होते आणि नजर स्वतःच्या चपलांवर होती. ताईच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “काका, हात धरू नका, ठेवा. काकूंच्या हातावर फुलपाखरू बसलंय असं समजा.” भावोजींना फुलपाखराचे फारसे कौतुक नव्हते, पण त्यांनी पकड सैल केली. त्यानंतरच्या दहा मिनिटांत दोघांची पावले प्रथमच एका वेळी पडली. त्या मुलीने जेका-लॅकनर यांचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमी आहे. हाताने शिकलेली गोष्ट ती हातानेच शिकवत होती.

घट्ट पकडीत नेमके काय बिघडते ते आता सांगता येईल. मूठ आवळली की मनगटापासून खांद्यापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि हात हा संवेदक न राहता दांडा होतो. त्यातून येणारी बारीक खबर त्या ताठपणात बुडते, आणि एक कलला की दुसराही ओढला जातो. आपल्या फुगडीशी याची तुलना करून पाहावी. फुगडीत दोघींची पावले मध्ये जवळजवळ आणि अंगे मागे झोकलेली असतात, म्हणजे प्रत्येकीचा गुरुत्वमध्य स्वतःच्या पावलांच्या बाहेर गेलेला असतो. तिथे हात हाच खरा आधार असतो, म्हणून पकड पक्की लागते आणि ती सुटली तर दोघीही पडतात. ज्येष्ठ महिन्यात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते तेव्हा पांढऱ्या केसांच्या माउल्या फुगडी घालताना दिसतात आणि ते पाहून मन भरून येते. पण ती वर्षानुवर्षांची सवय आहे, पासष्टीनंतर नव्याने सुरू करण्याची गोष्ट नव्हे. गरगर फिरण्याने अर्धवर्तुळाकृती नलिकांमधला द्रव फिरू लागतो आणि पाय थांबले तरी तो काही काळ फिरत राहतो, ही अडचण आणखी वेगळी. जोडीच्या सावकाश नृत्यात प्रत्येकाचा भार स्वतःच्याच पावलांवर असतो. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर एकमेकांना धरून साखळीने नाचतात, तिथेही पावलांचा भार ज्याचा त्याचाच राहतो.

स्पर्शाखेरीज जोडीच्या नाचात आणखी दोन गोष्टी फुकट मिळतात. पहिली म्हणजे मागे आणि बाजूला पडणारी पावले. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज तासभर चालणारा माणूस वर्षभरात शेकडो किलोमीटर चालतो, पण ते सगळे पुढच्या दिशेने. मागे टाकलेली पावले मोजायची म्हटली तर हाताची बोटे पुरतील. घरात पडणे मात्र बहुधा वळताना, मागे सरकताना किंवा बाजूला वाकताना होते. दुसरी गोष्ट म्हणजे लक्षाची वाटणी. स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटेसे निरीक्षण मांडले होते, ते असे की, चालताना कोणी बोलू लागले की जे वृद्ध थांबून मग उत्तर देतात, ते पुढील सहा महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक असते. चालणे आणि बोलणे एकत्र करण्याइतकी फुरसत त्यांच्या मेंदूला उरलेली नसते. नाचताना ताल, जोडीदार, पाऊल आणि शेजारची जोडी या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याचा सराव होतो.

एवढे लिहिल्यावर माझ्या आवडत्या सिद्धान्ताला अडचणीची ठरणारी माहितीही दिली पाहिजे. पार्किन्सनच्या रुग्णांना टँगो हे जोडीचे नृत्य शिकवण्याचे प्रयोग हॅकनी आणि गॅमन एअरहार्ट यांनी सेंट लुइस येथे केले आणि त्यांत रुग्णांचा तोल सुधारलेला दिसला. पण २०१० साली त्यांनी जोडीने आणि जोडीविना नाचणाऱ्यांची तुलना केली तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले. फरक पडला तो एवढाच की, जोडीने नाचणाऱ्यांना मजा अधिक आली आणि वर्ग पुढे चालू ठेवण्याची इच्छाही त्यांनाच अधिक होती. त्याहून कडू गोळी २०१६ सालची आहे. सिडनीच्या परिसरातील २३ निवृत्तिवसाहतींमध्ये पाचशेहून अधिक ज्येष्ठांवर दाफ्ना मेरोम यांच्या गटाने वर्षभर प्रयोग केला. काही वसाहतींत आठवड्यातून दोनदा लोकनृत्य किंवा बॉलरूम नृत्याचे वर्ग घेतले, काहींत घेतले नाहीत. पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. उलट जे आधी अनेकदा पडले होते, त्यांच्यात नाचणारे अधिक पडल्याची चिन्हे होती. वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचा १०८ प्रयोगांचा २०१९ सालचा आढावा सांगतो की तोलाचे व दैनंदिन हालचालींचे व्यायाम पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटवतात. नृत्याबाबत मात्र त्याने निकाल दिलेला नाही. तेव्हा नृत्य हे पडण्यावरचे औषध आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दोन मिनिटांच्या प्रयोगात दिसणारा परिणाम वर्षभराच्या आयुष्यात तसाच उतरतो असे नाही. शिवाय स्पर्श हात टेकलेला असतो तोवरच खबर देतो, आणि बाथरूममध्ये जोडीदार नसतो. माझा निष्कर्ष मर्यादित आहे. चालण्याला आणि ताकदीच्या व्यायामाला जोड म्हणून जोडीचे नृत्य चांगले आहे, आणि माणसे ते सोडत नाहीत हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचवले आहे. त्यातला एक हिस्सा असा हसत-खेळत भागवता येतो.

सुरुवात कशी करावी, हे आता थोडक्यात सांगतो. वर्षभरात दोनदा पडलेले, उठल्यावर चक्कर येणारे, हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेले, खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आणि हृदयरोग असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना गोळ्यांची यादी सोबत न्यावी. नाशकात लग्नाच्या संगीतासाठी नाच बसवून देणारे वर्ग पुष्कळ आहेत, पण ते ज्येष्ठांच्या कामाचे असतीलच असे नाही. शिकवणारा गिरक्या आणि खाली वाकवण्याच्या अदा पहिल्याच दिवशी घेत असेल तर तिथून निघावे. त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघाच्या किंवा हास्यक्लबाच्या आठ-दहा जणांनी मिळून एखादा शांत शिकवणारा बोलावणे बरे.

पादत्राणांबाबत लोक हटकून चुकतात. रबरी तळाचे, घट्ट पकडणारे बूट वळताना फरशीला चिकटून राहतात आणि सगळी पीळ गुडघ्यात जाते. नुसते मोजे चकचकीत टाइलवर घसरतात. चपला तर पायातून निसटतातच. पाऊल धरून ठेवणारा, टाचेला पट्टा असलेला आणि फारसा न चिकटणाऱ्या तळाचा बूट चांगला. फरशी कोरडी असावी, सतरंजीची कड पायाखाली येऊ देऊ नये, आणि हाताच्या अंतरावर एक भक्कम खुर्ची असावी.

पावलांसाठी परदेशी नावांना बिचकण्याचे कारण नाही. वॉल्ट्झची एक-दोन-तीन ही मोजणी आपल्या दादरा तालाशी जुळते: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रांचे दोन समान भाग, आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेवर भार बदलायचा. पण पहिला आठवडा दादऱ्याचाही नको. केरव्याच्या संथ ठेक्यावर जागच्या जागी भार या पायावरून त्या पायावर न्यायचा, दोघांनी समोरासमोर, एकाचे तळहात वर आणि दुसऱ्याचे त्यांवर नुसते टेकलेले. ते जमले की एक पाऊल बाजूला आणि परत. मागचे पाऊल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि वळणे त्याच्याही पुढे. नेणारा आणि मागोमाग जाणारा यांनी भूमिका अदलाबदल करावी. घरातला कायमचा नेणारा मागे जायला शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूला कष्ट पडतात, आणि ते कष्टच आपल्याला हवे आहेत. सुरुवातीला दहा मिनिटे पुरे होतात. श्वास इतकाच वाढावा की बोलता येईल, पण गाता येणार नाही.

संकोचाचे काय, असा प्रश्न ताईने पहिल्याच दिवशी विचारला होता. पन्नास वर्षांच्या संसारात चारचौघांत नवऱ्याचा हात धरण्याची वेळ सप्तपदीनंतर आली नव्हती, असे ती म्हणाली, आणि भावोजींनी ते लगेच मान्य केले. त्यावर माझ्याकडे वैज्ञानिक उत्तर नाही. तिसऱ्या रविवारी मात्र ती भावोजींच्या आधी तयार होऊन बसली होती. आता ती सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट टेकवून एकेका पायावर उभी राहते. तिच्या बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी पकडदांडी मात्र आम्ही गेल्या आठवड्यात बसवून घेतली, दीड इंची स्टीलच्या नळीची, भिंतीत चार इंच खोल बोल्ट घालून. ती धरायची आहे, नुसता हात ठेवायचा नाही, हे तिला दोनदा बजावले आहे.